थांबण्याची मजुरी

कोकणातल्या मंडणगड तालुक्यात फोर्कलिफ्ट शोधायला निघालात तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल. इथे जेसीबी आहे, पोकलेन आहे, डंपर आहे, जांभा दगड कापणारं आणि खाणीत पुढे-मागे सरकणारं चिऱ्याचं यंत्र आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. आणि या सगळ्यांच्या अवतीभवती, कधी कधी हातभर अंतरावर, पायी वावरणारी माणसं आहेत. फोर्कलिफ्टशी ज्याची रोजची गाठ आहे असा मंडणगडकर मात्र पुष्कळ भेटेल. तो भिवंडीच्या गोदामात आहे, उरणच्या कंटेनर यार्डात आहे, तळोज्याच्या कारखान्यात आहे. गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. अवजड यंत्राशेजारी उभं राहून पोट भरणं ही या तालुक्याची दोन्हीकडची कहाणी आहे, सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या माळावरची, आणि मुंबईकडची.

यंत्राखाली माणूस सापडला की बोलणं ठरलेलं असतं. तो मागे कशाला गेला? हॉर्न ऐकू आला नाही का? फोनवर होता म्हणे. ड्रायव्हर नवीन होता म्हणे. चार दिवसांनी खाण पुन्हा सुरू होते. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नाही: त्या यंत्राचं भाडं कोण, कशाच्या हिशेबाने देत होतं? माझ्या मते खरं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

जेसीबी ताशी भाड्याने मिळतो. आज तासाला हजाराच्या वर मोजावे लागतात, आणि यंत्रातलं तास मोजणारं मीटर इंजिन सुरू झालं की धावू लागतं. पायाचा चर खोदायचा असो, नळपाणी योजनेचे पाइप टाकायचे असोत की बागेचा बांध घालायचा असो, काम देणाऱ्याचा एक डोळा मातीवर आणि एक त्या मीटरवर असतो. यंत्राने चर खोदला तरी त्याच्या बाजू काही सरळ येत नाहीत. फावडं घेऊन माणसाला आत उतरावं लागतं, कडा तासाव्या लागतात, सुटलेला धोंडा बाहेर काढावा लागतो. नीट करायचं तर माणूस आत असताना बकेट जमिनीला टेकलेली हवी आणि यंत्र थांबलेलं हवं. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट धरा. तासाभरात वीस वेळा अशी वेळ आली, तर दहा मिनिटं गेली. म्हणजे भाड्याचा सहावा हिस्सा.

तो सहावा हिस्सा कोणी द्यायला तयार नसतो. मग यंत्र माती टाकायला तिकडे वळतं तेवढ्यात मजूर चरात उतरतो आणि बकेट परत यायच्या आत बाहेर येतो. बहुतेक वेळा येतोच. दिवसात शंभर वेळा जमलेली गोष्ट एकशे एकाव्या वेळीही जमेल असं त्यालाही वाटतं, मुकादमालाही वाटतं, आणि यात मूर्खपणा काहीच नाही. अनुभवावरून माणूस असाच विचार करतो. पण थांबण्याचे जे पैसे मालकाने वाचवले, ते मजूर आपल्या जिवाच्या जोखमीने भरतो आहे, हे हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

डंपरचा हिशेब वेगळा, परिणाम तोच. डंपर खेपेवर चालतो. जांभ्याची खाण पावसात बंद असते. दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मे संपेपर्यंत जेवढा माल निघेल तेवढा काढायचा असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सड्यावर जी घाई असते ती पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही की खेपेचे पैसे मिळणारा ड्रायव्हर मागे कोण उभं आहे हे पाहायला उतरत का नाही. उतरणं म्हणजे एक मिनिट. दिवसाच्या शेवटी ती मिनिटं मिळून एक खेप होते.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण सावधगिरीचा उपदेश करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक केबिनमध्ये बसलेले असतात. आपल्याकडे सर्रास दिसणारा जेसीबी साडेसात-आठ टनांचा असतो. मागचा हात पूर्ण पसरला तर पाच-सहा मीटरपर्यंत पोचतो, आणि तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरतो तेव्हा त्या अर्धवर्तुळात जे काही असेल ते त्याच्या वाटेत असतं. खोदताना ऑपरेटर खुर्ची फिरवून मागे तोंड करून बसतो. त्या वेळी पुढच्या लोडरजवळ कोण आलं हे त्याला कळायचं काही साधन नसतं. माणसाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. ताशी दहा किलोमीटर, म्हणजे धावत्या मुलाच्या वेगाने मागे येणारं यंत्र तेवढ्या वेळात तीन-चार मीटर सरकलेलं असतं, आणि ब्रेक लागायला तिथून सुरुवात होते. हायड्रा क्रेनची तऱ्हा आणखी वाईट. ओझं पुढे टांगलेलं, त्यानेच ड्रायव्हरची नजर अडवलेली, आणि ते झुलू नये म्हणून एक माणूस त्याला हात लावून यंत्राच्या पुढ्यात चालत असतो. ठेच लागली तर चाकापुढेच पडणार, हे ठाऊक असूनही.

फोर्कलिफ्ट दिसायला लहान, म्हणून फसवी. अडीच टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांच्या आसपास भरते, कारण पुढच्या ओझ्याला तोलायला मागे जड वजन बसवलेलं असतं. ती मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते, आणि रॅक व यंत्र यांच्यामधल्या दोन फुटांत उभा असलेला माणूस चिरडतो. ड्रायव्हर तर पुढे पाहत असतो. माल उंच असेल तर पुढचं दिसत नाही, म्हणून उलटं चालवत न्यावी लागते. काटे वर उचललेले असताना वळण घेतलं तर ती कलंडते, आणि बाहेर उडी मारणारा ड्रायव्हर बहुधा तिच्याच छपराखाली येतो. पट्टा बांधून आत बसून राहणारा वाचतो. हे शिकवावं लागतं. घाबरलेलं शरीर उलटंच सांगतं.

ही जोखीम फक्त आपल्या अडाणीपणाची नव्हे. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा कडक कायदा आहे, निरीक्षक आहेत, खटले होतात. तिथेही २०२३-२४ या वर्षात कामावर मेलेल्या १३८ जणांपैकी २५ जण चालत्या वाहनाच्या धडकेने गेले. उंचावरून पडण्याच्या खालोखाल हेच कारण. इतक्या बंदोबस्तातही जे उरतं ते मुळातच चिवट असणार. तेव्हा ‘लक्ष ठेवा’ या दोन शब्दांनी ते सुटेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. लक्ष ही आठ तास सारखी पुरणारी वस्तू नाही. रिव्हर्स हॉर्नचंही तेच. एका खाणीत तीन यंत्रं दिवसभर टीं-टीं करत असली की चौथ्या दिवशी कान तो आवाज गाळून टाकतात. काही टेंपोवाले तर मागे घेताना आरतीच लावतात. भक्तिभाव वाढत असेल, अंतर वाढत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आपली माणसं ऐकत नाहीत हो. हेल्मेट दिलं तर पाटीसारखं उलटं धरून त्यात खडी भरतात. यंत्र आलं की बाजूला व्हायच्या ऐवजी बघायला गोळा होतात. बघायला गोळा होतात हे खरं आहे. जेसीबीचं खोदकाम पाहणाऱ्या गर्दीची २०१९ मध्ये देशभर थट्टा झाली होती. आपल्या पुढाऱ्यांनी तर या यंत्राचं काय केलंय ते सर्वांना ठाऊक आहे. रस्त्याच्या दुतर्फा जेसीबी उभे करायचे, बकेटमध्ये पाच-सहा कार्यकर्ते चढवायचे, बकेट पार वर न्यायची आणि त्यांनी साहेबांवर फुलं उधळायची. माणसाने कधीही चढू नये अशी जी जागा, तिथे मिरवणुकीत मानाने चढवलं जातं. दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर काम करणाऱ्याला बकेटपासून लांब राहा असं कोणत्या तोंडाने सांगणार?

पण स्वभावाचा हा आक्षेप मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा याच तालुक्यात दर मे महिन्यात पाहायला मिळतो. उरणकडे कंटेनरच्या यार्डात काम करणारा चाकरमानी घ्या. तिथे तो पायी यार्डात शिरत नाही, कारण शिरूच देत नाहीत. चकाकणारं जाकीट घालतो, पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालतो, कंटेनर उचलणारा रीच स्टॅकर जवळ दिसला की थांबतो. हाच माणूस सुटीत गावी येतो, घराच्या पायासाठी जेसीबी बोलावतो आणि पायात स्लीपर घालून बकेटपासून चार फुटांवर उभा राहून ऑपरेटरला हाताने दाखवतो: इकडे, इकडे, अजून थोडं. मुलं मागे उभी असतात. माणूस तोच, अक्कल तीच. यार्डात त्याची वाट आखलेली होती आणि थांबलं म्हणून त्याचा पगार कापला जात नव्हता. गावात वाट आखलेली नाही, आणि मीटर त्याच्या स्वतःच्या खिशावर चालू आहे.

म्हणूनच मला यंत्रावरच्या कॅमेऱ्यांपेक्षा आणि यंत्र येतंय हे जमिनीवर दाखवणाऱ्या निळ्या दिव्यांपेक्षा मंडणगडच्या एसटी स्टँडवरची जुनी रीत जास्त शिकवण्यासारखी वाटते. गाडी मागे घ्यायची असली की वाहक खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. शिट्टी थांबली की गाडी थांबते. यात कुठलंही तंत्रज्ञान नाही, पण व्यवस्था पक्की आहे: पाहण्याचं काम एका ठरावीक माणसाचं आहे, ते त्याच्या पगारात धरलेलं आहे आणि त्याच्या इशाऱ्याशिवाय चालक गाडी हलवत नाही. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीतही गाड्या अशाच हाताच्या इशाऱ्याने लावल्या जातात, कारण तिथे माणसं आणि गाड्या एकाच उतारावरून चढतात. ट्रकवर पूर्वी किन्नर असायचा. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत पत्र्यावर थाप मारणारं ते पोर ट्रकचे मागचे डोळे होतं. त्याचा पगार आणि भत्ता वाचवायचा म्हणून पुष्कळ गाड्यांवरून ते उतरवलं गेलं. त्याच्या जागी आरसा राहिला, आणि बिनवाहक एसटीच्या मागे तर कधी कधी तोही अपुरा पडतो. वाचलेला पगार कोणाच्या खात्यात गेला हे सांगता येईल. उरलेली जोखीम कोणाच्या खात्यात गेली हे सांगायला कोणी येत नाही.

कायद्याने हे पाहायला नको का? हवं. आणि या तालुक्याला हा प्रश्न विचारायचा वेगळा हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्या काळात रुळल्या, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दमलेल्या माणसाचे हातपाय यंत्रात सापडतात, तेव्हा कामाचे तास कमी होणं हीही सुरक्षितताच. १९४८ चा कारखाने अधिनियम त्यानंतरचा. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, त्यात एक महत्त्वाचं कलम घातलं गेलं. कामाची पद्धत सुरक्षित ठेवण्याचं सर्वसाधारण कर्तव्य त्याने थेट कारखान्याच्या भोगवटादारावर टाकलं. यंत्राचं चाक उघडं आहे का एवढ्यापुरतं पाहणारा कायदा तिथून पुढे कामाच्या रचनेकडे पाहू लागला.

पण तो कारखान्यापुरता. आंबडव्याच्या आसपासच्या सड्यांवर जी चिरेखाण आहे ती कारखाना नव्हे, खाण आहे; आणि खाणींच्या १९५२ च्या अधिनियमात कलम ३ ने काही खाणींना जवळपास पूर्ण सूट दिली. त्या यादीत मुरूम होता, खडी होती, साधी वाळू होती, आणि जांभा दगड नावानिशी होता. अटी तीन: खोदकाम उघडं असून सहा मीटरपेक्षा खोल नको, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं नकोत आणि सुरुंग नकोत. जांभ्याला सुरुंग लागतच नाही, तो करवतीने कापला जातो. पन्नास माणसं एका चिरेखाणीवर क्वचितच असतात. राहिली खोली. ती सहा मीटर झाली की सूट संपते, पण टेप घेऊन ती मोजायला कोण येणार? खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला आहे. धनबादच्या कोळशाचा विचार करून बनलेल्या यंत्रणेला कोकणातल्या एखाद्या सड्यावरची खाण दिसावी अशी अपेक्षा ठेवणंच चूक. त्या सवलतीमागे तर्क होता. १९५२ मध्ये जांभा पहारीने आणि कुदळीने निघत होता, त्याची वाहतूक बैलगाडीने होत होती. सहा मीटरच्या उघड्या खड्ड्यात दरड कोसळण्यापलीकडे फारसं काही घडत नव्हतं. आज त्याच खड्ड्यात कापायचं यंत्र, जेसीबी आणि डंपर एकत्र फिरतात. धोका बदलला, सूट तीच राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षिततेच्या संहितेत जुने तेरा कायदे एकत्र आले, त्यांत कारखाने, खाणी आणि बांधकाम मजुरांचेही. नियम सुटसुटीत होतील हे मान्य. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. छोट्या जागा आणखी बाहेर पडल्या, आणि यंत्र व माणूस सर्वांत जवळजवळ वावरतात ते नेमक्या छोट्या जागांत. मोठ्या यार्डात रस्ता आखायला जागा असते. सहा गुंठ्यांच्या वखारीत फोर्कलिफ्टचा रस्ता आणि हमालाची वाट एकच.

मग अपघात झाला की उरतं ते फौजदारी कलम. निष्काळजीपणाने मृत्यू, गुन्हा चालकावर. एकोणीस वर्षांचा ऑपरेटर, जो बऱ्याचदा विजापूरकडून किंवा बिहारमधून आलेला असतो, घाबरून पळून जातो, आणि पळाला म्हणजे दोषी, असा निकाल गावात त्याच संध्याकाळी लागतो. खेपेचा दर ठरवणाऱ्याचं, मागे पाहायला माणूस न ठेवणाऱ्याचं, डंपरला वळायला जागा न सोडता खाण पुढे-पुढे कापत जाणाऱ्याचं नाव त्या कागदावर येत नाही. चालकाला शिक्षा होऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण तेवढ्यावर थांबलं की पुढच्या चालकासाठी सगळं जसंच्या तसं मांडून ठेवलेलं असतं.

छोट्या ठेकेदाराची बाजूही ऐकायला हवी. तो म्हणतो, निविदा सर्वांत कमी दराची मागता, आणि वर शिट्टीवाला माणूसही ठेवायला सांगता? त्याचं खरं आहे. एकट्याने थांबायचे पैसे धरले तर त्याचा दर चढतो आणि काम दुसऱ्याला जातं. म्हणून हा खर्च एकट्याच्या सद्‌बुद्धीवर सोडता येत नाही. तो सर्वांच्या दरात सारखाच धरलेला असायला हवा. ग्रामपंचायतीच्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात यंत्राचे तास, मजुरांचे दिवस, डिझेल, सगळं धरलेलं असतं. तिथेच एक ओळ वाढवता येते: यंत्र चालू असताना फक्त पाहायचं काम करणारा एक माणूस, आणि माणूस चरात असताना उभ्या यंत्राचा वेळ. ही ओळ असली की सगळ्यांची बोली तिच्यासकट येईल. खेपेच्या जागी दिवसाचा दर हा त्याहून मोठा बदल. तो सहज होणार नाही हे मला ठाऊक आहे.

तातडीच्या वेळी तर हे आधीच ठरलेलं असायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मंडणगड-दापोलीत माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. रस्ते मोकळे करायला जेसीबी आले, आणि त्याच झाडांवर कोयते-करवती घेऊन गावकरीही तुटून पडले. त्या घाईला नावं ठेवायला मी धजणार नाही. पण ओंडका बकेटने उचलला जात असताना त्याच्या दुसऱ्या टोकाशी माणूस नसावा, हे वादळाच्या दिवशी समजावत बसता येत नाही.

राहिल्या चिरेखाणी. कायद्याचा हात तिथे पोचत नाही असं मी वर म्हटलं, ते सुरक्षिततेच्या कायद्यापुरतं. महसुलाचा हात उत्तम पोचतो. जांभा हे गौण खनिज आहे. त्याच्या उत्खननाला राज्याच्या २०१३ च्या नियमांखाली परवाना लागतो, निघालेल्या प्रत्येक ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, स्वामित्वधन भरावं लागतं, आणि वाहतुकीचा पास नसलेला डंपर रस्त्यात अडवला जातो. दगडाची मोजणी इतकी चोख असू शकते, तर परवान्याच्या अर्जासोबत खाणीचा एक साधा नकाशा मागायला काय हरकत आहे? डंपर कुठून आत येणार, मागे न घेता गोल फिरून कुठून बाहेर पडणार, चिरे रचणाऱ्या बायका कुठे बसणार, पाण्याचं पिंप आणि जेवायची सावली यंत्राच्या वाटेपासून किती लांब असणार. मागे घ्यावंच लागणार नाही असा रस्ता असला तर मागे पाहणाऱ्याची गरजही निम्मी होते. चार रेघांचा हा नकाशा काढायला इंजिनिअर लागत नाही. तो परवान्याची अट झाला, तर तो न पाळणाऱ्याचं नाव निदान कुठल्या तरी कागदावर येईल. आणि ते नाव ऑपरेटरचं नसेल. दिवाळीपूर्वी, खाणी सुरू होण्याच्या तोंडावर, हे कागद तहसील कचेरीत जातातच.